आमची वाटचाल : तीन थर आणि हिरवी बंडी

जानेवारीत पुण्या-मुंबईहून लग्नाला येणारे पाहुणे एकच जाडजूड जाकीट घालून ग्वाल्हेरला उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे असतात. तक्रार ठरलेली, "एवढं महागाचं जाकीट, तरी हुडहुडी भरते." अहो, भरणारच. इथे उत्तरेचं वारं अंगावर येतं ते थेट, मधे समुद्र नाही की काही नाही. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर आलं की हवामान खातं शीतलहर म्हणतं, आणि तो आकडा ग्वाल्हेरच्या लष्कर या आमच्या भागातल्या माणसांना नवा नाही. ऊब कापडात नसते, कापडांच्या मधे कोंडलेल्या हवेत असते. एका जाकिटात ती कोंडणार किती?

आज नई सडकेपासून दौलतगंजपर्यंत दर तिसऱ्या दुकानावर 'लेयरिंग'ची पाटी दिसते. आम्ही आतली बनियन, मधली बंडी आणि वरचं वारारोधक असा तीन थरांचा जोड विकायला लागलो तेव्हा हेच लोक हसत होते. "एकाच्या जागी तीन विकायची युक्ती आहे ही," असं आमच्याच गल्लीतला एक व्यापारी गिऱ्हाइकांना सांगायचा. त्याच्याबद्दल पुढे लिहिणार आहे. नाव लिहिणार नाही, पण जुन्या लोकांना कळेल.

सुरुवात बाबांची. बाबा बिर्लानगरला जेसी मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. १९२१ ची ती गिरणी, आणि तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला कापड डोळे मिटून कळायचं. नोकरीत असतानाच त्यांनी लुधियान्याहून एक जुनं हातमशीन आणलं आणि जनकगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. पुढे नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, तेव्हा घर चाललं ते या मशीनवर.

ते मशीन अजून आहे. १० गेज, म्हणजे इंचाला दहा सुया, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. आता संगणकावरची मशीनं रात्रभर एकटी विणत बसतात, पण हातमशीनची कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकणारा भाग, डावीकडून उजवीकडे नेताना मनगटाला जे कळतं ते पडद्यावर दिसत नाही. एखाद्या सुईची जीभ वाकली असेल तर टाका सुटण्याआधी हाताला खरखर लागते. थंडीत तेल घट्ट होऊन कॅरेज जड व्हायची, म्हणून बाबांनी मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं होतं. आईच्या चुलीची धग पलीकडून यायची आणि सकाळी सात वाजता हात चालू व्हायचे. कोनवरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळावरचं, सूत मेणावरून फिरवायचं, विणलेल्या पट्टीखाली कंगवा लावून वजनं लटकवायची, आणि वजन कमी-जास्त झालं की टाका सैल पडायचा. बाबा वजनांऐवजी कधी कधी दळणाच्या चक्कीतली जुनी मापं लावायचे. तीही ठेवली आहेत. आजही कॉलर आणि नमुने याच मशीनवर होतात.

तीन थरांचं डोकं मात्र आमचं एकट्याचं नाही, त्यात गार्डसाहेबांचा वाटा आहे. श्योपुरला जाणाऱ्या छोट्या गाडीवर ते गार्ड होते. दोन फुटी रुळांची ती गाडी, जवळजवळ दोनशे किलोमीटर, सगळा दिवस खायची. पहाटे निघायची, माणसं टपावर बसायची, आणि प्रत्येक स्टेशनवर गार्डसाहेब उतरून त्यांच्यावर ओरडत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचे. घाम यायचा. मग ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, उघड्या वाऱ्यात उभं राहायचं. आत सुती बनियन, वर आम्हीच विणलेला जाड स्वेटर, त्यावर कोट. एवढं घालूनही दर हिवाळ्यात छातीत कफ. स्वेटर परत करायला आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "भैया, ऊपर से नहीं, अंदर से ठंड लगती है."

बाबांनी स्वेटर बाजूला सारला आणि बनियन मागितली. ती ओलीच होती. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, मग तीच ओल अंगाची ऊब ओढून नेते. वर कितीही चढवा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून आतली बनियन लोकरीची हवी, हे ठरलं. पण कुठली लोकर? बिकानेरकडची जाडी लोकर गालिच्याला उत्तम, अंगाला लावली की माणूस दिवसभर खाजवत बसतो. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली की तो टोचतो. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचं सूत महाग, तरी बाबांनी थोडं मागवलं, १२ गेजच्या उसन्या मशीनवर एक बनियन विणली आणि गार्डसाहेबांना पैसे न घेता दिली. वरच्या थरासाठी शेजारच्या शिंपी मास्तरांनी छत्रीच्या कापडासारख्या घट्ट विणीचा, अस्तर नसलेला अंगरखा शिवला. मधे आमचा स्वेटर, पण बाह्या काढलेला, कारण तीन बाह्या एकावर एक आल्या की काखेत बोळा होतो आणि हिरवी झेंडी वर जात नाही.

त्या हिवाळ्यात गार्डसाहेब खोकले नाहीत. पुढच्या दसऱ्याला त्यांनी दोन ड्रायव्हर आणि एक पॉइंट्समन आमच्याकडे धाडले.

आता शाळेचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, बाबा थकले होते, दुकान माझ्याकडे आलं होतं. शहरातल्या एका मोठ्या शाळेने गणवेशाच्या स्वेटरचा नमुना मागवला. आम्ही निम्मी लोकर, निम्मं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, अशा सुताचा दिला, म्हणजे ऊबही राहील आणि घरोघरी बादलीत धुतला तरी आटणार नाही. नमुना पास झाला. ऑफिसात बसवून चहा दिला, "लागा कामाला" म्हणाले. आमच्यात शब्द म्हणजे शब्द. लुधियान्याहून उधारीवर सूत आणलं, त्यांच्या रंगात रंगवलेलं, बाटलीसारखं गडद हिरवं. खोली छतापर्यंत कोननी भरली.

दिवाळीनंतर कळलं की ऑर्डर आमच्या गल्लीतल्या त्याच व्यापाऱ्याला गेली. स्वेटर दिसायला तंतोतंत आमचा. तोच रिब, म्हणजे ताणणारी उभ्या रेघांची वीण, तीच व्ही गळ्याची पट्टी, गळ्याच्या टोकाला तोच एक टाका जास्त, जो बाबांनी स्वतः काढलेला होता. आमचा नमुना त्याच्यापर्यंत पोचला कसा, हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतो. भाव एक तृतीयांश कमी. असणारच, सगळं अ‍ॅक्रिलिक. शाळेत गेलो तर ज्यांनी चहा पाजला होता ते भेटले नाहीत, शिपायाने बाकावर बसवून ठेवलं.

सूत परत घेईना कुणी. त्या रंगाचा स्वेटर ग्वाल्हेरात घालणार कोण? मोठ्या माणसाने घातला तर लोक विचारणार, कितवीत आहात? लुधियान्याच्या शेठचे तगादे सुरू झाले. दोन कारागीर सोडून गेले, त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी चूल होती. आईच्या पाटल्या गेल्या. मेळ्यातला आमचा स्टॉल त्या वर्षी घेता आला नाही. १९०५ पासून भरणारा आमचा मेळा, ग्वाल्हेरचा व्यापारी आणि मेळ्यात नाही म्हणजे तो संपला असं लोक धरून चालतात. तसंच धरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला एकीने विचारलंसुद्धा, "आता भाऊ काय करणार?"

मार्ग काढला तो पुन्हा गार्डसाहेबांनी. नवीन बंडी घ्यायला आले होते, मी म्हटलं, सूत फक्त हिरवं आहे. ते म्हणाले, मधला थर दिसतो कुणाला? वर अंगरखा, आत बनियन. मग जोड विकायचा तर मधली बंडी हिरवीच, मी बोलून टाकलं. सगळं सूत बंड्यांत घातलं. रेल्वेचे लोक आले, पहाटे सायकलवर किटल्या घेऊन येणारे दूधवाले आले, लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतली मैदानावर पळणारी पोरं आली. पोरांना तर रंगाशी काही घेणंच नव्हतं. होळीपर्यंत निम्मी खोली रिकामी झाली आणि लुधियान्याची बाकी पुढच्या मोसमात फिटली. तेव्हापासून आमची मधली बंडी हिरवीच असते. दुसरा रंग मागू नका.

आणि मग, अर्थात, गल्लीत समोरच हिरवी बंडी लटकली. आमच्या निम्म्या भावात, लेबलवर 'शुद्ध ऊन', म्हणजे हिंदीत शुद्ध लोकर. आमच्या धाग्यात निम्मं अ‍ॅक्रिलिक होतं, पण आम्ही ते लेबलवर छापत होतो. एक गिऱ्हाईक दोन्ही घेऊन आलं, फरक काय म्हणून. मी त्याच्या बंडीचा एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकर जळते तेव्हा जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडली जाते. याचा काळा टणक मणी झाला, वासात लोकर नावालाही नाही. गिऱ्हाईक तो मणी हातात घेऊन समोर गेलं. तिकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण महिनाभर त्या व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिबेटी लोक हिवाळ्यात येऊन स्वेटर विकतात, त्यांच्याशी आमची कधी तक्रार नाही. अ‍ॅक्रिलिकला ते अ‍ॅक्रिलिक म्हणतात.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. मधला थर एक माप मोठा घ्या. घट्ट स्वेटर म्हणजे पिळून काढलेली हवा. चालायला, गड चढायला निघालात तर सुरुवातीला थोडी थंडी वाजू द्या, घाम फुटण्याआधी वरची चेन उघडा. घाम आल्यावर उघडून उपयोग नाही. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेन समारोहात, म्हणजे संगीत महोत्सवात, रात्र काढणाऱ्यांचं गणित निराळं. बसून राहणाऱ्याला घाम येत नाही, त्याने मधे दोन थर घालावेत आणि खाली लोकरीचं आसन घ्यावं, कारण गारठा जमिनीतून चढतो. समारोहाने शंभरी ओलांडली, रसिक मात्र अजून सतरंजीवर नुसते बसतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरतात. स्कूटरवाल्यांनो, छातीवर वर्तमानपत्र घालायची तुमची पद्धत अगदी बरोबर आहे, फक्त ते जाकिटाच्या आत आणि बंडीच्या बाहेर असू द्या. आणि लोकरीची बनियन रोज धुऊ नका, सावलीत वाऱ्यावर टाका. दोरीवर लटकवलीत तर गुडघ्यापर्यंत येईल, मग माझ्याकडे आणू नका.

गार्डसाहेब कधीच निवृत्त झाले. छोटी गाडीही २०२० पासून बंद आहे, तिथे मोठ्या रुळांचं काम चाललंय. ते दसऱ्याआधी येतात, त्या पहिल्या खेपेतली बंडी घेऊन, गळ्याची रिब बदलायला. नवी घ्या म्हटलं की रागावतात.

यंदा त्याच शाळेतून निरोप आला, नव्या कारभाऱ्यांना स्वेटरचा भाव हवा होता. भाव दिला. खाली लिहिलं, निम्मी रक्कम आगाऊ, ऑर्डर लेखी, नमुना परत. अजून उत्तर नाही.