घरची शाळा, पण दप्तर सरकारी

माझी भाची अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलाला घरीच शिकवते, हे कळल्यावर ‘तिकडे काय, सगळे मोकळेच’ असे जळगावच्या आमच्या घरात बहुतेकांना वाटले. प्रत्यक्षात त्या राज्याचा कायदा चांगलाच काटेकोर आहे. शिकवणाऱ्या पालकाने हायस्कूल किंवा समकक्ष शिक्षण पूर्ण केलेले असावे लागते आणि पहिल्या वर्षी आरंभापूर्वी, पुढे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत, शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, अधीक्षकाकडे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वर्षाला १८० दिवस, अथवा प्राथमिक स्तरावर ९०० आणि माध्यमिक स्तरावर ९९० तास अध्यापन अनिवार्य आहे.

खरी कसोटी नोंदींची. सुट्टीत आली असता भाचीने तिची फाईल दाखवली, तेव्हा वाचलेल्या पुस्तकांची तारीखवार यादी आणि गणिताची खाडाखोड केलेली पाने पाहून माझ्यातला निवृत्त मास्तर सुखावला. तिसरी, पाचवी व आठवीत प्रमाणित चाचणी असते. शिवाय पात्र मूल्यांकनकर्ता फाईल तपासून मुलाची मुलाखत घेतो आणि त्याचे प्रमाणपत्र ३० जूनपर्यंत अधीक्षकाकडे पोहोचवावे लागते. टेक्सासमध्ये यातले जवळजवळ काहीच लागत नाही. मला मात्र पेनसिल्व्हेनियाचीच शिस्त पटते, कारण मुलाच्या शिक्षणाकडे घराबाहेरच्या कोणाचे तरी लक्ष असायलाच हवे.