‘बारा चॅनेल, यूएसबी’ म्हणजे नक्की किती?

साउंड मिक्सरच्या खोक्यावर छापलेल्या या तीन शब्दांनी माझा दीड महिना खाल्ला. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

गरज साधी होती. अभंग आणि सुगम संगीताचे कार्यक्रम, दीड-दोनशे माणसांचं सभागृह आणि त्याच वेळी असं रेकॉर्डिंग, की नंतर घरी बसून तबला वेगळा, पेटी वेगळी, गळा वेगळा हाताळता यावा. माइक मोजले: मुख्य गायक १, कोरस १, पेटी १, तबला-डग्गा २, पखवाज २, टाळ १. झाले आठ. शिवाय स्टिरिओ कीबोर्ड आणि तानपुरा मशीन.

खोक्यावरचा चॅनेलचा आकडा आणि माइकचा आकडा एक नसतो, हे तसं लवकर कळलं. यामाहाच्या एमजी१०एक्सयूवर दहा चॅनेल लिहिलेत, पण माइक लागतात चार. बाकीचे तीन स्टिरिओ जोड आहेत आणि प्रत्येक जोड दोन म्हणून मोजलाय. एमजी१२एक्सयूवर माइक सहा. तेव्हा आकडा वाचू नका, कॅननची (माइकच्या तीन पिनी वायरीची, म्हणजे एक्सएलआर) भोकं मोजा.

खरा घोळ यूएसबीचा. पहिल्या दुकानात विचारलं, ‘प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड होईल ना?’ उत्तर आलं, ‘बारा चॅनेल आहे, यूएसबी आहे, मग बाराही येणार की.’ दुसऱ्या दुकानात तेच वाक्य, फक्त जास्त आत्मविश्वासाने. खोकं फोडून लॅपटॉपला जोडायला कोणी तयार नाही. तिसऱ्या ठिकाणी डेमो पीस होता. माझ्याच लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि इनपुटच्या यादीत दिसले फक्त दोन. डावा आणि उजवा. बारा चॅनेलचं जे शेवटचं मिश्रण स्पीकरला जातं, तेवढंच यूएसबीतून बाहेर पडतं. बाजारातल्या बहुतेक लहान मिक्सरचं हेच आहे. खोटं कोणी छापत नाही. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात ‘२ इन, २ आउट’ असतं. शोधायची ओळ तेवढीच. तिथे दोन असेल तर वरचा बारा, सोळा, चोवीस काहीही असो, रेकॉर्डिंगपुरता तो दोन ट्रॅकचाच मिक्सर.

‘मग काय बिघडलं, स्टिरिओ तर मिळतंय’ असंही ऐकवलं गेलं. बिघडतं ते असं. लहान सभागृहात तबला, पखवाज आणि टाळ माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. म्हणून स्पीकरमध्ये आपण ते जेमतेम देतो आणि गळा वर ठेवतो. सभागृहात कानाला तोल बरोबर वाटतो, कारण अर्धा तबला हवेतून येतो. मिक्सरमध्ये मात्र तो अर्धा नसतोच. घरी ऐकलं की गायक कानाशी आणि तबला शेजारच्या खोलीत. वर गळ्याला सभागृहासाठी लावलेला रिव्हर्बही (कृत्रिम घुमारा) त्यातच शिजलेला. तो पुन्हा काढता येत नाही. शिट्टी येऊ नये म्हणून कापलेल्या फ्रिक्वेन्सीही कायमच्या गेल्या.

असा मिक्सर आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. ऑक्स (मुख्य स्पीकरहून वेगळं मिश्रण बाहेर काढायची वाट) मोकळा असेल तर त्यावर रेकॉर्डिंगचं निराळं मिश्रण करा: तबला-पखवाज बरेच वर, गळा बेताचा. ऑक्स आउटमधून वायर हातातल्या रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला. ऑक्स प्री-फेडर हवा, म्हणजे सभागृहासाठी फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हलवले तरी रेकॉर्डिंग हलत नाही. आवाज मोनो येईल, पण तोल ऐकण्याजोगा येईल. एमजी१०एक्सयूला मात्र ऑक्स एकच आणि तोच इफेक्टचाही, तेव्हा आधी ते बघा.

वेगवेगळे ट्रॅक देणारे लहान मिक्सर आहेत, फक्त नेमके मागावे लागतात. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके यूएसबीवर १४ इन, १२ आउट देतो; पण लॅपटॉप लागतोच. बेहरिंगरच्या एक्सआर१८ला १६ माइक आणि १८ ट्रॅक, पैशाच्या मानाने भरपूर; पण अंगावर फेडर नाही, सगळं टॅबवर. सभागृह भरलं की दोनशे मोबाइलच्या गर्दीत त्याचं आतलं वायफाय दगा देऊ शकतं, म्हणून वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर वायरने जोडावा लागतो. ऐन अभंगात टॅब ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत बसलेला मला चालला नसता. शेवटी झूमचा एल-१२ घेतला. आठ माइक, दोन स्टिरिओ, लॅपटॉपशिवाय थेट एसडी कार्डवर १४ ट्रॅक (१२ चॅनेल आणि मास्टरचे दोन). माझी यादी त्यात बरोबर बसली.

कार्डाचा हिशेब: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी. चौदा ट्रॅक म्हणजे तासाला सव्वासात जीबी. अडीच तासांच्या कार्यक्रमाला ३२ जीबी पुरतं. कार्ड मिक्सरमध्येच फॉरमॅट करावं.

फँटम (कंडेन्सर माइकला मिक्सरकडून मिळणारी वीज) या मिक्सरवर चार-चारच्या गटात चालू होतं, १ ते ४ आणि ५ ते ८. म्हणून पेटीचा आणि टाळाचा कंडेन्सर एकाच गटात ठेवा. गेन (माइकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते) लावताना पखवाजवाल्याला ‘थोडं वाजवा’ म्हणू नका, जोरात थाप मारायला लावा. साउंडचेकला सगळे हळूच वाजवतात. सर्वांत जोराची थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे. फेडर खाली करून ट्रॅकवरची फाटलेली थाप दुरुस्त होत नाही. ती गेनलाच फाटलेली असते.

एल-१२चे फेडर मोटरचे नाहीत आणि हेडफोनच्या मिश्रणालाही तेच वापरावे लागतात. हेडफोनच्या मिश्रणावरून मास्टरवर परत आलात की फेडर एकीकडे आणि खरी पातळी दुसरीकडे असते. हलवण्याआधी बघा.

मिक्सर अडॅप्टरवर चालतो. वीज गेली तर चालू रेकॉर्डिंगची फाइल नीट बंद न होण्याचा धोका आहे, म्हणून लहान यूपीएस लावा आणि अडॅप्टरची वायर टेबलाला टेपने चिकटवा.

लॅपटॉप जोडलाच तर हमिंग येऊ शकतं. बहुतेकदा ते चार्जरच्या अर्थिंगमधून येतं. आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, मग लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, तरी न गेल्यास लॅपटॉपच्या ऑडिओ वायरीत ग्राउंड लिफ्टवाला (त्या वायरीतला अर्थचा जोड तोडणारा) डीआय बॉक्स. प्लगची अर्थची पिन कापणारे भेटतील; त्यांना वायरीला हात लावू देऊ नका.

आणि तानपुरा. मशीनचा हेडफोन आउट स्टिरिओ असतो. तिथून स्टिरिओ पी-३८ (जाड, पाव इंची जॅकची) वायर थेट मोनो चॅनेलला लावली तर आवाज पातळ, पोकळ येतो किंवा जवळजवळ गायबच होतो. मशीन बिघडलेलं नसतं. बॅलन्स्ड इनपुट जॅकचं टोक आणि मधली कडी यांवरच्या आवाजांतला फरक तेवढा घेतं. दोन्हीकडे तोच तानपुरा, मग फरक उरतो किती? स्टिरिओ जोडात लावा. वायर मागताना ‘एका ईपीला (मोबाइलच्या हेडफोनसारख्या बारीक जॅकला) दोन पी-३८ मोनो’ असं सांगा, नाहीतर हातात स्टिरिओच पडते.