तुम्ही विचारलंत म्हणून : धर्माच्या माणसांनी मजुरीच्या हिशेबात का पडावे?

प्रश्न निरनिराळ्या तोंडांतून येतो, पण मुद्दा एकच असतो. भुकेल्याला तुम्ही शिधा देता, आजाऱ्याला औषध देता, हे पुण्याचे काम आहे. पण किमान वेतन, कर्ज, कायदे असल्या भानगडीत धर्माच्या माणसांनी कशाला पडावे? ते सरकारने आणि पक्षांनी पाहावे. असे विचारणारी माणसे बहुधा सज्जन असतात, पुष्कळदा नियमित देणगीही देतात, आणि प्रश्नामागे कुत्सितपणापेक्षा काळजी अधिक असते. मी गेली बरीच वर्षे एका धर्मसमुदायाच्या मदत समितीची नोंदवही लिहिते, आणि अलीकडे त्याच समुदायाच्या वतीने निवेदने घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात बसते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येतो. दर वेळी घाईत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली आहे. या वेळी सावकाश लिहिते.

सुरुवात त्या वहीपासूनच करावी लागेल. तिच्यात चार रकाने होते : नाव, घरात माणसे किती, काय नेले, आणि सही किंवा अंगठा. ‘काम काय करता’ असा रकाना नव्हता, कारण शिधा न्यायला येणारा माणूस बेकारच असणार हे आम्ही मनाशी धरून चाललो होतो. एका बाईंचे नाव सलग तिसऱ्या वर्षी लिहिताना मी सहज विचारले, तेव्हा कळले की त्या आठवड्यातून सहा रात्री एका मोठ्या कार्यालयाची झाडलोट करतात, आणि ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला आहे. आमच्या समितीने त्याच सुमारास पिशवीत आणखी काय घालावे यावर दोन बैठका खर्ची घातल्या होत्या. बाई म्हणाल्या, “पिशवी नको असं नाही म्हणत मी, ताई. पण पगार महिन्याच्या महिन्याला मिळाला, तर मी इथं येणारच नाही.” पुढच्या महिन्यापासून मी वहीत पाचवा रकाना आखला. तो रिकामा राहील असे वाटले होते. प्रत्यक्षात पानामागून पाने कामांच्या नावांनी भरत गेली.

हा शोध काही आमचा पहिला नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘बिल्ड’ नावाची, मुख्यतः चर्चची मिळून झालेली संघटना 1977 पासून काम करते. गरिबांना मोफत जेवण देणाऱ्या तिथल्या चर्चच्या मंडळींच्या लक्षात आले की पंगतीत बसणारे बरेच जण कामावरून येतात, आणि त्यांतले काही तर महापालिकेनेच ठेक्यावर दिलेली कामे करतात. म्हणजे शहर कमी दराने ठेका देणार, ठेकेदार कमी मजुरी देणार आणि उरलेली भूक चर्चच्या स्वयंपाकघरात भागवली जाणार, असा तो व्यवहार होता. दान देणारे नकळत ठेकेदाराचा पगारखर्च उचलत होते. बिल्डने कामगार संघटनेला बरोबर घेऊन पाठपुरावा केला आणि 1994 साली महापालिकेने निर्वाह वेतनाचा नियम केला : महापालिकेचा ठेका हवा असेल तर मजुराला तासाला किमान 6.10 डॉलर द्यावे लागतील. देशाचे किमान वेतन तेव्हा 4.25 डॉलर होते. पुढच्या काळात शंभराहून अधिक अमेरिकी शहरांनी आणि काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, याच धर्तीचे नियम केले.

लंडनमध्ये हेच काम 2001 पासून सुरू झाले. पूर्व लंडनमधील चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांच्या ‘टेल्को’ या आघाडीत आई-वडिलांचे गाऱ्हाणे असे होते की दोन-दोन नोकऱ्या करूनही घर चालत नाही, आणि मुलांचे तोंड पाहायला वेळ उरत नाही. मागणी मात्र ‘गरिबी हटवा’ अशी मोघम नव्हती. जगायला प्रत्यक्ष किती खर्च येतो याचा हिशेब मांडून तासाचा दर काढा आणि तो द्या, इतकी ती नेमकी होती. 2003 मध्ये एका बहुराष्ट्रीय बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, त्याच बँकेच्या अध्यक्षांचे कार्यालय रात्री साफ करणारा कामगार उभा राहिला आणि आपल्या पगाराचा आकडा त्याने अध्यक्षांसमोर सांगितला. पाहणी, अहवाल आणि चर्चासत्रे यांनी जे झाले नसते ते त्या काही मिनिटांत झाले, असे माझे मत आहे. पुढे त्या चळवळीतून 2011 मध्ये निर्वाह वेतन प्रतिष्ठान उभे राहिले आणि हजारो आस्थापनांनी स्वेच्छेने तो दर स्वीकारला. गंमत अशी की 2016 पासून ब्रिटिश सरकारने आपल्या कायदेशीर किमान वेतनालाच ‘राष्ट्रीय निर्वाह वेतन’ म्हणायला सुरुवात केली. नाव चळवळीचे उचलले, पण दर ठरवताना जगण्याच्या खर्चाचा हिशेब घेतला नाही, तर देशातील मधल्या वेतनाशी त्याचे प्रमाण बांधले.

मग हे काम धर्मसमुदायांनीच का करावे? श्रद्धेमुळे माणूस आपोआप चांगला होतो असा माझा दावा नाही. वही लिहून इतकी वर्षे झाल्यावर तो करण्याची माझी हिंमतही होणार नाही. कारण व्यावहारिक आहे. गरीब वस्तीतून कारखाना जातो, बँकेची शाखा जाते, पक्षाचे कार्यालय निवडणुकीनंतर बंद होते. प्रार्थनेची जागा राहते. तिथे माणसे दर आठवड्याला बोलावल्याशिवाय येतात, एकमेकांना नावाने ओळखतात, आणि जागेचा खर्च आपसांत वर्गणी काढून भागवतात, म्हणून बाहेरच्या अनुदानदात्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. शिकागोत 1940 साली सॉल अलिन्स्की यांनी स्थापन केलेल्या, वस्त्यांतल्या लोकांना संघटित करणाऱ्या ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ने ही गोष्ट फार लवकर ओळखली. बिल्ड त्याच परंपरेतली. या परंपरेत सुरुवात मोर्चाने होत नाही. एका माणसाने दुसऱ्याजवळ अर्धा तास बसून त्याला कशाची चीड येते आणि कशाची भीती वाटते ते ऐकायचे, अशा शेकडो भेटी आधी होतात. मग सभा. त्या सभेत पुढाऱ्याला हार घालून भाषणाला उभे करत नाहीत. व्यासपीठावरची बाई त्याला विचारते, “हे तुम्ही करणार का? हो की नाही?” आणि उत्तर सर्वांसमक्ष लिहून घेतले जाते. आमच्याकडे असे करून पाहिले तेव्हा आमच्याच ज्येष्ठांना ते उद्धटपणाचे वाटले. पाहुण्याला असे अडचणीत आणतात का, असे त्यांचे म्हणणे होते.

राजकारणाच्या आक्षेपाचे उत्तर तसे थोडक्यात देता येते. पक्ष आणि धोरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि अनेक देशांचे कायदेही त्या वेगळ्या मानतात. अमेरिकेत 1954 च्या कायद्याने करसवलत घेणाऱ्या धर्मसंस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायला मनाई केली, पण मर्यादेत राहून कायद्यांबद्दल भूमिका मांडण्याची मोकळीक ठेवली. मला स्वतःला ही रेघ फार मोलाची वाटते. ज्या दिवशी एखादा समुदाय अमक्याला मत द्या असे सांगू लागतो, त्या दिवशी त्याच्या वहीतल्या बाईचा पगार बाजूला पडतो आणि त्याचे पुढारी कोणाच्या गाडीत बसले यावर चर्चा सुरू होते.

आणि पैशाचा विषय धर्माला परका आहे, असे म्हणणाऱ्यांनी धर्मग्रंथ जरा सावकाश वाचावेत, एवढीच माझी विनंती आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकाचा 25 वा अध्याय दर पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परतावी आणि गरिबीपायी गुलाम झालेले सुटावेत असे सांगतो. कुराणात जकात, म्हणजे श्रद्धावंताने द्यायचे बंधनकारक दान, कोणाला द्यावी याचे आठ वर्ग सांगितले आहेत, त्यांत कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्यांचा वर्ग स्वतंत्र आहे. त्या पन्नासाव्या वर्षाचे नाव घेऊनच ब्रिटनमध्ये ‘जुबिली 2000’ ही मोहीम उभी राहिली. राज्यशास्त्राचे अध्यापक मार्टिन डेंट आणि निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स यांच्या कल्पनेतून ती निघाली. नवे सहस्रक सुरू होण्यापूर्वी गरीब देशांची न फिटणारी कर्जे माफ करावीत, ही तिची मागणी. 16 मे 1998 रोजी बर्मिंगहॅममध्ये श्रीमंत देशांची शिखर परिषद भरली असताना सुमारे 70,000 लोकांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. नेते त्या दिवशी शहराबाहेरच्या एका आलिशान वाड्यात बैठकीला गेले होते. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना परत येऊन मोहिमेच्या प्रतिनिधींना भेटावे लागले. निवेदनावर जगभरातून 2 कोटी 40 लाखांहून अधिक सह्या झाल्या.

या साखळीत जे उभे होते त्यांपैकी बहुतेकांना व्याजाचे चक्र, निर्यातीशी कर्जाचे प्रमाण, परतफेडीचे हप्ते हे शब्द काही वर्षांपूर्वी ठाऊकही नव्हते. प्रार्थनेनंतरच्या अभ्यासवर्गांत त्यांनी ते शिकून घेतले, आणि मग आपल्या खासदाराला पत्रे लिहिली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची कर्जसवलत योजना 1996 पासून होती, पण ती कंजूष आणि संथ होती. 1999 मध्ये जर्मनीतील कोलोन इथे भरलेल्या श्रीमंत देशांच्या परिषदेनंतर ती वाढवण्यात आली आणि 2005 मध्ये तिला आणखी जोड मिळाली. आजवर 37 देशांचे मिळून 100 अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उतरले आहे. युगांडाने कर्जसवलतीतून वाचलेला पैसा 1998 मध्ये एका वेगळ्या दारिद्र्य निवारण निधीत ठेवला, म्हणजे तो कुठे गेला हे लोकांना पाहता यावे. तरीही त्या सवलतीला नाणेनिधीच्या अटी चिकटलेल्या होत्या, आणि माफी मिळालेल्यांपैकी कित्येक देश पुन्हा कर्जात रुतले आहेत. मोहीम संपते, तेव्हा सावकारी संपलेली नसते.

अपयशाचीही एक गोष्ट सांगते, कारण ती मला यशापेक्षा अधिक शिकवून गेली. आफ्रिकेतील नामिबिया या देशात चर्चच्या पुढाकाराने कामगार आणि स्वयंसेवी संघटनांची एक आघाडी झाली. प्रत्येकाला, कोणतीही अट न घालता, दरमहा ठरावीक रक्कम सरकारने द्यावी, ही तिची मागणी होती. सरकार तयार होईना, म्हणून आघाडीने स्वतः पैसे जमवून ओत्जिवेरो-ओमितारा या गरीब वस्तीत जानेवारी 2008 ते डिसेंबर 2009 अशी दोन वर्षे साठ वर्षांखालील प्रत्येक रहिवाशाला महिना 100 नामिबियन डॉलर दिले. मुलांचे कुपोषण घटले, शाळेची फी भरली जाऊ लागली, लोकांनी छोटे धंदे काढले, असे आघाडीच्या पाहणीत दिसले. तुलनेसाठी दुसरी वस्ती घेतलेली नव्हती, असा अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. सरकारने योजना स्वीकारली नाही. या आघाडीचे एक प्रमुख, बिशप झेफानिया कामीटा, 2015 मध्ये चक्क दारिद्र्य निर्मूलन खात्याचे मंत्री झाले. आणि त्या खात्याने पुढच्या वर्षी सुरू केली ती अन्नवाटपाची योजना. हाती पैसे द्या असे सांगत आलेल्या माणसाच्या खात्याकडून शेवटी पिशवीच वाटली गेली. मी पिशवीवाली असल्यामुळे हे वाचून हसले, पण ते हसू फार टिकले नाही.

आता त्या बाईंच्या थकलेल्या पगाराकडे परत येते, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न मला खऱ्या अर्थाने तिथेच भेटला. ठेकेदाराचे नाव त्यांनी सांगितले तेव्हा समितीत कोणीच बोलेना. आमच्या सभागृहाच्या दारावरच्या देणगीदारांच्या पाटीवर ते नाव दुसऱ्या ओळीत होते. महिनाभर वाद झाला. काहींचे मत होते की शिध्याच्या चार पिशव्या वाढवाव्यात आणि विषय मिटवावा. शेवटी आम्ही पाच जण ठेकेदारांकडे गेलो. बाईही आल्या, कारण त्यांच्यावाचून जायचे नाही एवढे आम्ही वाचून शिकलो होतो. ठेकेदारांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “तुमच्याकडे झाडायला जो माणूस येतो, त्याला तुम्ही काय देता?”

आमच्यापैकी एकालाही आकडा सांगता आला नाही. परत येऊन हिशेबाची वही उघडली, तेव्हा तो कायद्याच्या किमान वेतनापेक्षा कमी निघाला. वर्षानुवर्षे ‘सेवा’ या सदराखाली लिहिला जात होता. ठेकेदाराने बाईंचे दोन महिने चुकते केले, तिसरा दिला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांची देणगी आली नाही. झाडणाऱ्या माणसाचा पगार कायद्यापर्यंत आणायला आमच्या विश्वस्त मंडळाला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत आम्ही बाहेर एकही निवेदन दिले नाही. आता अंदाजपत्रकात त्याचा पगार ‘सेवा’खाली लिहीत नाहीत, ‘वेतन’ म्हणून वेगळी ओळ असते, आणि वार्षिक सभेत ती मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडेच असते.