ओकलंडच्या उतारावरचा आंबा

"होय रे, तिकडं बर्फ पडतो आणि तू आंबा लावलाईस?" मावशीनं परवा खानापूरहून फोनवर विचारलं. बर्फ नाही पडत मावशी इथं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर हिवाळा तसा सौम्यच. पण डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला अशी एखादी रात्र येते आणि दव गोठतं. आंब्याचं कोवळं रोप जळायला तेवढं पुरतं.

ती थंडी येते कुठून, हे खालच्या अंगाला राहणाऱ्या शेजारच्या आजोबांनी दाखवलं. न बोलावता आले आणि माझ्या कुंपणाच्या तळाच्या फळ्या काढून टाक म्हणाले. रात्री जमीन दिवसाची ऊब आभाळाकडं सोडते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, पाण्यासारखी उताराला लागते आणि आडवं कुंपण आलं की तिथंच तुंबते. तळ मोकळा केला की पुढं निघून जाते. पुढं म्हणजे त्यांच्याच आवारात! मी संकोचलो, तर म्हणाले, "येऊ दे, माझ्याकडं सफरचंद आहेत, त्यांना थंडी हवीच असते." एवढा मोठेपणा मी शेजाऱ्यात क्वचित पाहिला.

आंबा वरच्या टप्प्यात, दक्षिणेकडं तोंड असलेल्या दगडी भिंतीपाशी आहे. दगड दिवसभर तापतो, रात्री ऊब सोडतो. तरी पारा 2-3 अंशांवर असतानाही पान शून्याखाली जाऊ शकतं, म्हणून वरून चादर घालतो. ती जमिनीपर्यंत सोडायची, मातीची ऊब आत राहते. खोडाला गुंडाळून काही उपयोग नाही.

आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या शेतकऱ्याला उतार कळत नाही असं कुणी म्हणू नये. भाताच्या खाचरात पाणी कुठं अडवायचं आणि कुठं सोडायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त थंडीचा उतार बघायची वेळ त्याच्यावर आली नाही.

"आणि घरच्या आंब्यांकडं कोण बघतंय?" हा मावशीचा दुसरा प्रश्न. त्यांना चादर लागत नाही, ते आपापले मोहरतात. मी तिथं असतो तरी नोकरीपायी बेळगावातच राहिलो असतो, रविवारी एक चक्कर झाली असती. मावशी, यंदा मोहरावर औषध मारून घे. किती झाले ते कळव, लगेच पाठवतो.