मे महिन्यातला श्वास

श्वासावर ध्यान शिकवणारे एक गोष्ट हमखास सांगतात. नाकाच्या टोकाशी लक्ष ठेवा, आत जाणारी हवा गार लागेल, बाहेर येणारी कोमट. इगतपुरीच्या धुक्यात ते खरंही असेल. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ ला टेकला की सगळा मामला उलटा होतो. सोडलेला श्वास साधारण ३४-३५ अंशांचा असतो, म्हणजे ओसरीवरच्या हवेपेक्षा चांगला दहा अंशांनी थंड. आत येते ती झळ, आणि बाहेर पडतो तो गारवा.

मला तर वाटतं, ध्यानाला आमचा उन्हाळाच बरा. थंडीत श्वास गुपचूप येतो-जातो, त्याला शोधत बसावं लागतं. मेमध्ये तो स्वतःच नाकपुडीला चटका देऊन हजेरी लावतो. मन दुसरीकडे पळालं तरी पुढच्या श्वासाला परत येतं, यावंच लागतं.

याच दिवसांत शीतली करायची. जीभ बाहेर काढून तिची नळी करायची, त्या नळीतून हवा ओढायची आणि नाकाने सोडायची. ज्यांची जीभ वळत नाही त्यांनी दातांच्या फटीतून ओढावी, तिला सीत्कारी म्हणतात. गंमत अशी की ओढतो ती लूच, पण जिभेला गार लागते. हे आपल्या कूलरचंच काम. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा गेली की पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. जीभ ओली, हवा विदर्भाची, म्हणजे ठणठणीत कोरडी. अंगातला ताप याने उतरत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नये. जीभ मात्र खरंच गार पडते, आणि लक्ष ठेवायला तेवढं पुरतं.

एकदा अशीच ओसरीत बसले होते, तर शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, “काय झालं वं बाई? ऊन लागलं का? कांदा आनू?”

मी म्हटलं, “काही नाही काकू, श्वास मोजून राहिली.”

“मोजाले तो का कापूस हाय?”

काकूंचं चुकत नाही. आकडा हे मनाला दिलेलं नुसतं चघळण आहे. खरं काम सोडण्यात आहे. मनगटावर नाडी धरून पाहा, श्वास घेताना ती जराशी घाई करते आणि सोडताना मंदावते. व्हेगस नावाची मज्जातंतू हा लगाम ओढते. म्हणून सोडणं लांबवायचं, घेण्याच्या दुप्पट जमलं तर उत्तम. कोंडून धरण्याच्या वाटेला मी जात नाही, बीपीवाल्यांनी ते करू नये म्हणतात.

एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना हा आकडा आपोआप सहाच्या आसपास उतरतो. आमच्या गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना होते. तिथल्या म्हाताऱ्या बाया ओळ पुरी झाल्याशिवाय दम तोडत नाहीत. काकू त्यातल्याच. श्वास मोजायची त्यांना गरज काय पडणार?

मृग बरसला की मात्र कूलर आणि शीतली दोन्ही निकामी. दमट हवेत काही उडतच नाही, जीभ नुसती चिकट होते. मग मी भ्रामरीवर येते. ओठ मिटून, गुणगुणत श्वास सोडायचा. गुणगुण संपेपर्यंत सोडणं आपोआप लांबतं, मोजदादीचीही कटकट नाही. अडचण एकच, ऑगस्टात त्या खोलीत गुणगुणणारी मी एकटी नसते. काकूंनी परवा विचारलंच, “तुया आवाजानं डास पळतात का वं, का अजून येतात?”