एक किलोला दीडशे ग्रॅम कमी

सासूबाईंच्या ओंडक्यांवरची शिताके अळंबी किरणोत्सर्गासाठी तपासून घ्यायला मला तीन आठवडे लागले. मशीनचं काम अर्ध्या तासाचं. बाकीचा वेळ एक किलो भरवण्यात गेला!

आम्ही जपानात, तोचिगीला राहतो. 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातात उडालेलं किरणोत्सर्गी सीझियम इथल्याही झाडांच्या सालीवर बसलं, आणि अळंबी ते पोटॅशियमसारखंच ओढून घेते. विकायच्या अळंबीला किलोमागे 100 बेकरेलची (बेकरेल म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा, ओंडक्यांना 50 ची. विकतचे ओंडके तपासलेले असतात. सासूबाईंचे शेजाऱ्यांच्या रानातले, फुकटचे.

नगरपालिकेत घरच्या खाण्याचं फुकट तपासतात. फक्त खायचा भाग, बारीक चिरून, एक किलो. माझं भरलं 850 ग्रॅम. काउंटरवरच्या बाई कमरेत वाकून म्हणाल्या, "माफ करा, भांडं भरत नाही." मी म्हटलं, मग जास्त वेळ मोजा ना. त्या पुन्हा वाकल्या. भांड्याला खालून खोबण असते, ते मशीनच्या डोक्यावर टोपीसारखं बसतं. पोकळी राहिली की आकडा चुकतो. हे फोनवर सांगायला काय झालं होतं?

पुढची तारीख दहा दिवसांनी. ओंडके म्हणजे काय डेअरी आहे, रोज लिटरभर द्यायला? सासूबाईंनी ते रात्रभर पाण्यात बुडवले, वर हातोडीने ठोकलेही. ठोकलं की अळंबी जागी होते म्हणे. तरी कमीच पडली, म्हणून मी वाळवलेली मूठभर मिसळून नेली. बाईंनी डबा उघडताच ओळखलं. वाळवलेल्यात पाणी नसतं, त्यामुळे किलोमागचा आकडा फुगतो. वाळवलेलीला मर्यादा लागू होते ती भिजवल्यानंतर. परत घरी. गाडीत मी मराठीतून काय काय बोलले ते सासूबाईंना कळलं नाही, बरं झालं.

तिसऱ्या खेपेला 1,100 ग्रॅम नेली. सीझियम 137 निघालं किलोमागे 31 बेकरेल, म्हणजे मर्यादेच्या आत. सीझियमचा दुसरा प्रकार, 134, सापडलाच नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, दोनच वर्षांचं, 137 चं तीस.

हो, चिरायच्या आधी अळंबीवरची माती नीट धुवा आणि अळंबी फडक्याने कोरडी करा. कोशिंबिरीपेक्षा बारीक हवी, हाताने चिरत बसू नका, चॉपर वापरा. आणि नमुना परत मिळेल असं धरून चालू नका. कागद हातात आला त्या दिवशी घरात एकही शिताके नव्हतं. सासूबाई पुन्हा हातोडी घेऊन ओंडक्यांकडे गेल्या.