सुरंगीची तारीख

शिमगा जवळ आला की फोन सुरू होतात. "वयनी, अमुक तारखेला लग्न आहे, सुरंगीचे पन्नास वळेसर मिळतील ना?" वळेसर म्हणजे केसांत माळायचा गजरा. मी सगळ्यांना एकच सांगते, झाडाला विचारून सांगते. लोकांना वाटतं मी भाव वाढवायला आढेवेढे घेते. तसं नाही.

गोव्यात, पेडणे तालुक्यात आमचं घर. मागच्या गडग्याला लागून सुरंगीचं झाड आहे, सासऱ्यांच्या लहानपणीही ते एवढंच उंच होतं म्हणे. सुरंगीची कळी पानांत येत नाही, जून फांदीच्या अंगाला घोसाघोसांनी चिकटून येते, वाटाण्याएवढी. ती उमलायच्या आधी काढावी लागते. ऊन चढलं की कळी फुटते, पिवळा केसर बाहेर पडतो, मधमाश्या झाडभर होतात, आणि मग त्या घोसात हात घालायची कुणाची छाती नाही. म्हणून आमचे हे पहाटे चारला बॅटरी कपाळाला बांधून वर चढतात. दवाने फांदी निसरडी असते. मी खाली जुनी लुगडी अंथरून उभी राहते आणि ते खाली उतरेपर्यंत कुणाशी बोलत नाही.

बहर एका दमात येत नाही. आठ दिवस फांद्या भरतात, मग झाड गप्प बसतं, मग पुन्हा भरतं. मळभ धरलं की कळी तशीच अडून राहते. ती कधी सुटेल ते पंचांगात नसतं.

तीन वर्षांपूर्वी हे न कळून मी एका मोठ्या हॉटेलला तारीख दिली. साठ वळेसर, पाहुण्यांच्या स्वागताला. आदल्या दोन दिवशी आभाळ भरून आलं. साठांच्या जागी बावीसच झाले. पहाटेपासून मी, जाऊ आणि माझी लेक, तिघी केळीच्या वाखात कळ्या ओवत बसलो होतो. हॉटेलच्या दारावर तिथल्या माणसाने मोजले आणि म्हणाला, साठ नाहीत तर एकही नको. आगाऊ पैसे घेतले नव्हते. बावीस वळेसर टोपलीत घेऊन मी कदंब बसमध्ये चढले. कोलवाळचा पूल येईपर्यंत अख्खी बस सुरंगीने भरली होती. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या काकींनी मागे वळून विचारलं, "विकतंस गे?" त्यांना एक दिला, मग तिथेच नऊ गेले. शुक्रवार होता, उरलेले म्हापशाच्या बाजारात तासाभरात संपले. नुकसान झालं नाही. पण दारावरून परत पाठवलेली टोपली डोक्यावर घेताना जे वाटलं ते मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून सुरंगीची तारीख देत नाही. न खपलेली कळी आम्ही वाळवतो, वाळली तरी वास धरून राहते, व्यापारी येऊन किलोवर नेतात. पण वाळवायची कळी आणि केसांत माळायची कळी यांत मला फरक वाटतो. कुणी माळावी म्हणूनच तर हे त्या फांदीवर चढतात.

बाकीच्या फुलांच्या तारखा सांभाळता येतात. 24 जूनला ख्रिस्ती शेजाऱ्यांचा सांजांव सण, तेव्हा कोपेलांसाठी, म्हणजे डोक्यावर घालायच्या फुलापानांच्या मुकुटांसाठी, वेली, पानं आणि मिळतील ती रानफुलं. चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान, ते मात्र फुलापेक्षा रानाचं काम: कांगलां, घागऱ्यो, कवंडळं, शेरवडां. मुलांना घेऊन डोंगरावर जायचं आणि मुळासकट काही उपटायचं नाही, हे दरवर्षी नव्याने सांगायचं. दसऱ्याला रोजां, म्हणजे झेंडू, पाठोपाठ पेडण्याची पुनव, कोजागरीची जत्रा. 2 नोव्हेंबरला सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, न्यायला शेजारणी सकाळीच फुलं घेऊन जातात.

आणि पोट भरते ती आबोली. वास नाही, मोठेपणा नाही, पण तोडलेली आबोली दुसऱ्या दिवशीही तोंड पाडत नाही. फाती, म्हणजे आबोलीचा गजरा, विणताना देठ दोऱ्यात असे बसवायचे की पाकळ्या एकावर एक येतील आणि दोर कुठे दिसणार नाही. सासूबाई माझी फाती उलटी धरून बघायच्या. मागून दोर दिसला की काही न बोलता उसवायच्या.

एका वर्षी आबोलीचा अर्धा वाफा पिवळा पडला. पाणी दिलं, शेणखत दिलं, काही होईना. शेवटी एक झाड उपटलं तर मुळांना मण्यांसारख्या गाठी. शेतीखात्यातल्या बाईंनी मूळ हातात घेताच सांगितलं, हे सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरून गाठी करतात. त्या वाफ्यात एक हंगाम नुसती रोजां लावा, म्हणाल्या, झेंडूच्या मुळांपुढे हे किडे टिकत नाहीत. ती रोजां दसऱ्याला विकली, आणि त्या जागी पुढे लावलेली आबोली अजून फुलते आहे. आता मी वाफे आलटूनपालटून ठेवते.

नर्सरीत दिल्ली आबोली मिळते, रंग भडक, पण तिला बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. मला गावठी आबोली आवडते ती तिच्या बियांसाठी. वाळलेल्या कणसातली बोंडं पाण्याच्या वाटीत टाकली की क्षणभर काही होत नाही, आणि मग चट! बोंड तडकून बी भिंतीवर जाऊन आदळतं. पहिला पाऊस पडला की वाफ्यात तेच चालतं, कान देऊन ऐकलं तर ओट्यावरून ऐकू येतं. लेक लहान असताना वाटी तोंडाजवळ धरून बसायची, आणि गालावर बी बसलं की किंचाळायची.

गेल्या वर्षी पलीकडच्या जमिनीतलं सुरंगीचं झाड कंपाउंडच्या भिंतीसाठी कापलं. ओंडके चार दिवस पडून होते. मी त्या झाडाखालची रोपटी आधीच उचलून आणली होती, तीन जगली आहेत, गुडघ्याएवढी. त्यांना कळी यायला बरीच वर्षं लागतील, तेव्हा वर चढणारं कुणीतरी दुसरंच असेल. लेकीने परवा एकाला बांबूचं कुंपण केलं, गाय पोचू नये म्हणून. आज आभाळ मोकळं आहे. मागच्या झाडाची कळी बोटाला टणक लागते, अजून दोन दिवस तरी.